नियम म्हणतो 'अ‍ॅक्सेप्ट', तरी पॅकेट हरवतं: कॉनट्रॅकमधल्या शर्यतीची दुरुस्ती

प्रश्न थोडक्यात असा आहे: लिनक्सचा ४.१४ कर्नल, तोही स्वतःच सांभाळलेला आणि लगेच बदलता न येणारा. कंटेनरमधून जाणारी डीएनएस विचारणा (नावावरून पत्ता विचारणारं पॅकेट) मधूनच बरोबर पाच सेकंद लटकते. फायरवॉलचा एकही ड्रॉप-नियम लागत नाही, नियमांचा ट्रेस शेवटपर्यंत 'अ‍ॅक्सेप्ट' दाखवतो, पण पॅकेट बाहेरच्या नेटवर्क कार्डावर दिसत नाही. ते जातं कुठे, आणि कर्नलात दुरुस्ती नेमकी कुठे करायची?

पाच सेकंद या आकड्यातच अर्धं निदान आहे. उत्तर आलं नाही तर जीलिबसीचा (लिनक्सच्या सी लायब्ररीचा) रिझॉल्व्हर, म्हणजे नावाचा पत्ता शोधणारा भाग, पाच सेकंद थांबतो आणि मग पुन्हा विचारतो. म्हणजे नेटवर्क मंद नाही. एक पॅकेट पूर्ण गायब झालं आणि पाच सेकंदांनी पाठवलेलं पोचलं. विलंब एक किंवा तीन सेकंदांचा असता तर मी टीसीपीच्या सिन (जोडणी सुरू करणाऱ्या) पॅकेटकडे बघितलं असतं, कारण सिनला उत्तर नाही आलं तर ते पहिल्यांदा एका सेकंदाने आणि त्यानंतर आणखी दोन सेकंदांनी पुन्हा जातं. अशी तक्रार आली की मी विलंबाचा आकडा आधी विचारतो.

तुमचं पॅकेट कॉनट्रॅकच्या, म्हणजे कर्नलातल्या जोडण्यांची नोंद ठेवणाऱ्या भागाच्या, अगदी शेवटच्या पायरीवर, जोडणीची नोंद पक्की करताना टाकलं जातंय. ती पायरी तुमच्या सगळ्या नियमांच्या नंतर येते. म्हणून ट्रेस 'अ‍ॅक्सेप्ट' म्हणतो ते खरंच आहे. नियमांनी त्याला सोडलेलंच असतं. अशा वेळी लोक दिवसेंदिवस नियम उलटसुलट करत बसतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आता पाणी कुठे मुरतं ते बघू. नेटफिल्टरच्या (कर्नलातल्या फायरवॉल-यंत्रणेच्या) प्रत्येक हुकावर, म्हणजे पॅकेटच्या वाटेवरच्या ठरलेल्या थांब्यावर, फंक्शनं प्राधान्यक्रमाने चालतात. पॅकेट आत आलं की प्रीराउटिंगवर उणे ३०० ला 'रॉ' टेबल, उणे २०० ला कॉनट्रॅक, उणे १०० ला डीनॅट (जिथे जायचं तो पत्ता बदलणं). कॉनट्रॅक पॅकेटमधून ट्युपल काढतो, म्हणजे दोन्ही पत्ते, दोन्ही पोर्ट आणि प्रोटोकॉल, आणि हॅश टेबलमध्ये शोधतो. सापडला नाही तर नवी नोंद तयार करतो, पण टेबलमध्ये घालत नाही. ती फक्त त्या पॅकेटला चिकटलेली राहते. पुढे एखाद्या नियमाने पॅकेट टाकलं तर टेबलमध्ये कचरा उरू नये, हा त्यामागचा विचार, आणि तो योग्यच आहे. मग राउटिंग होतं, फिल्टरचे नियम होतात, पोस्टराउटिंगवर १०० ला एसनॅट (पाठवणाऱ्याचा पत्ता बदलणं) होतं आणि सगळ्यात शेवटच्या प्राधान्यावर 'कन्फर्म' हे फंक्शन नोंद टेबलमध्ये दोन ठिकाणी घालतं: जाणाऱ्या दिशेच्या ट्युपलखाली आणि परतीच्या दिशेच्या ट्युपलखाली.

म्हणजे नोंद जन्मल्यापासून पक्की होईपर्यंत तिच्याबद्दल प्रोसेसरच्या दुसऱ्या कोणत्याही कोअरला काहीच माहीत नसतं. खिंडार आहे ते हेच.

रिझॉल्व्हर एका नावासाठी आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ अशा दोन विचारणा एकाच सॉकेटवरून लागोपाठ पाठवतो. दोन्हींचा सोर्स पोर्ट एक, म्हणून ट्युपल तंतोतंत सारखा. यूडीपीत कनेक्ट केल्याने तारेवर काहीच जात नाही, त्यामुळे आधीची नोंदही नसते. बहुतेक वेळा पहिलं पॅकेट पूर्ण पार होतं, नोंद पक्की होते, आणि दुसऱ्याला ती सापडते. पण यंत्रावर भार असला, पहिलं पॅकेट एका कोअरच्या रांगेत थांबलं आणि तेवढ्यात तो थ्रेड दुसऱ्या कोअरवर सरकला, की दोन कोअर एकाच ट्युपलसाठी टेबलमध्ये बघतात, दोघांना काही सापडत नाही, आणि दोघे आपापली नोंद तयार करतात. जो कन्फर्मला आधी पोचतो त्याची नोंद बसते. दुसऱ्याला दिसतं की जागा भरलेली आहे, आणि त्याचं पॅकेट टाकलं जातं. पाठवणाऱ्याला याचा पत्ता लागत नाही, कारण हे सगळं कंटेनरच्या बाहेर, यजमान यंत्राच्या नेमस्पेसमध्ये (वेगळ्या राखलेल्या नेटवर्क-कप्प्यात) फॉरवर्ड होताना घडतं. तेच पॅकेट त्याच नेमस्पेसमधून निघालं असतं तर पाठवणाऱ्या कॉलला परवानगी नाकारल्याची एरर मिळाली असती आणि तुमची निम्मी वणवण वाचली असती.

कोडला हात लावण्याआधी हे सिद्ध करून घ्या. टीसीपीडंप आत येणारं पॅकेट नेटफिल्टरच्या आधी पकडतो आणि बाहेर जाणारं नेटफिल्टरच्या नंतर. म्हणून व्हीईथवर (कंटेनरला यजमानाशी जोडणाऱ्या आभासी कार्डावर) दिसणारं आणि बाहेरच्या कार्डावर न दिसणारं पॅकेट मधल्या कोडमध्येच गेलं, हे पक्कं. मग कॉनट्रॅकच्या हत्याराने कोअरनिहाय आकडे काढा आणि लटकलेल्या प्रत्येक विचारणेबरोबर 'इन्सर्ट फेल्ड' आणि 'ड्रॉप' हे दोन रकाने वाढतात का ते बघा. त्याच दमात बाकीचे संशयितही निकालात काढा. टेबल भरलं असतं तर कर्नल लॉगमध्ये 'टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट' अशी ओळ आली असती. रिव्हर्स पाथ फिल्टरने (परतीचा रस्ता जुळतो का ते बघणाऱ्या तपासणीने) अडवलं असतं तर पॅकेट फिल्टरच्या नियमांपर्यंत पोचलंच नसतं.

एक सापळा इथेच सांगतो, कारण त्यात माझा एक अख्खा दिवस गेला होता. पॅकेट कुठे सोडलं गेलं हे बघायला आपण पॅकेट-बफर मोकळा होण्याच्या ट्रेसपॉइंटवर (कर्नलातल्या टेहळणीच्या जागी) स्टॅक, म्हणजे फंक्शनांच्या हाकांची साखळी, घेतो. त्या स्टॅकमध्ये कन्फर्मचं नाव दिसत नाही. कन्फर्म फक्त 'ड्रॉप' हा निकाल परत देतं आणि संपतं. बफर मोकळा करतं ते हुक चालवणारं वरचं सामाईक फंक्शन. त्यामुळे स्टॅकवरून एवढंच कळतं की पोस्टराउटिंगवरच्या कोणीतरी पॅकेट टाकलं. मी कन्फर्मवर परतीचा केप्रोब (फंक्शन परतताना काय देतं ते टिपणारा सापळा) लावला आणि परतीची किंमत नोंदवत गेलो. नेटफिल्टरमध्ये ड्रॉप म्हणजे ० आणि अ‍ॅक्सेप्ट म्हणजे १. एकेका ओळीत १, १, १ असं सरकत होतं, आणि अ‍ॅपमध्ये विचारणा अडकली त्याच क्षणी एक ० आला. त्या एका शून्यानंतर शंकेला जागा राहिली नाही.

यानंतर बग हवा तेव्हा घडवता आला पाहिजे. दिवसातून चारदा दिसणाऱ्या दोषाची दुरुस्ती तपासता येत नाही. तीन नेटवर्क नेमस्पेस घ्या: क्लायंट, राउटर, सर्व्हर. सर्व्हरमध्ये दोन पत्त्यांवर प्रतिध्वनी देणारे दोन यूडीपी प्रोग्राम ठेवा. राउटरमध्ये एका आभासी पत्त्यावरून या दोघांपैकी एकाकडे यादृच्छिक डीनॅट करा. क्लायंटमध्ये प्रत्येक फेरीला नवं सॉकेट उघडा, वेगवेगळ्या कोअरला बांधलेले दोन थ्रेड बॅरियरवर थांबवा आणि एकदम पाठवू द्या. तरीही शर्यत क्वचितच लागत असेल तर चाचणीच्या कर्नलात 'कन्फर्म' फंक्शनने लॉक घेण्याआधी २०० मायक्रोसेकंदांचा विलंब टाका. खिडकी रुंदावली की दोष दर काही फेऱ्यांना हजेरी लावतो. पॅकेटं यूजरस्पेसच्या रांगेत अडवून एकत्र सोडण्याचा मार्गही जुन्या कर्नलवर चालतो. पण २०१८ साली त्या रांगेतून परतणाऱ्या पॅकेटांसाठी वेगळी टक्कर-सोडवणूक आली, त्यामुळे नव्या कर्नलवर त्या मार्गाने मिळालेला निकाल मुख्य मार्गाला लागू होत नाही.

आता दुरुस्ती. मनात येणारे पहिले दोन उपाय चुकीचे आहेत, आणि का चुकीचे ते समजलं की बरोबर उपाय आपोआप दिसतो.

पहिला: नोंद तयार करण्यापासून पक्की करण्यापर्यंत लॉक धरा. मधल्या वाटेवर राउटिंग आहे, वापरकर्त्याचे हवे तेवढे नियम आहेत, कधी यूजरस्पेसची रांग आहे. तेवढा वेळ स्पिनलॉक (इतर कोअरना जागच्या जागी ताटकळत ठेवणारं कुलूप) धरता येत नाही. शिवाय कॉनट्रॅकचा एकच एक मध्यवर्ती लॉक २०१४ मध्ये, ३.१५ कर्नलात, मुद्दाम काढून बकेटनिहाय (टेबलच्या कप्प्यागणिक) लॉक आणले गेले, कारण प्रत्येक नवी जोडणी त्या एका दारातून जात होती. ते दार पुन्हा बांधायचं नाही.

दुसरा उपाय अधिक फसवा. टक्कर झाली की ड्रॉपऐवजी अ‍ॅक्सेप्ट परत करा. एका ओळीचा पॅच, आणि माझा पहिला प्रयत्न हाच होता. पॅकेट बाहेर जातं, बाहेरच्या कार्डावर दिसतं, क्षणभर वाटतं काम झालं. पण त्याच्या पत्त्यांचं भाषांतर झालेलं असतं आणि त्या भाषांतराची नोंद कुठेच नसते. उत्तर येतं तेव्हा ते उलट फिरवायला नोंद सापडत नाही आणि उत्तर वाऱ्यावर जातं. विचारणा तशीच पाच सेकंद लटकते. फक्त हरवण्याची जागा बदलते, आणि आता तर कोणताही काउंटरही वाढत नाही.

म्हणून शर्यत होऊ द्यायची आणि हरलेल्या पॅकेटची व्यवस्था शेवटी लावायची. मुख्य कर्नलात हे टप्प्याटप्प्याने आलं, आणि प्रत्येक टप्पा वेगळी परिस्थिती हाताळतो. म्हणून सगळे टप्पे लागतात.

नेटफिल्टरचे विकासक पाब्लो नेइरा आयुसो यांनी २०१६ मध्ये टक्कर सोडवण्याचं मूळ फंक्शन आणलं. हरलेली नोंद टाकून द्यायची, जिंकलेली नोंद पॅकेटला जोडायची, हरलेल्या नोंदीतले पॅकेट-बाइटचे हिशेब जिंकलेल्या नोंदीत मिळवायचे आणि पॅकेट सोडायचं. हे फक्त टकरीला परवानगी असलेल्या प्रोटोकॉलांसाठी. यूडीपीला ती आहे, टीसीपीला नाही, आणि ते बरोबर आहे. टीसीपीच्या नोंदीत अवस्था आणि सीक्वेन्सची खिडकी असते, ती अशी परस्पर बदलून चालत नाही, आणि हरवलेलं सिन टीसीपी स्वतःच पुन्हा पाठवतं. पण या पहिल्या पॅचमध्ये नॅट (पत्त्यांचं भाषांतर) झालेल्या जोडण्या वगळलेल्या होत्या. ४.१४ मध्ये एवढाच भाग मुळातून आहे, आणि तुमचे कंटेनर नॅटमागे आहेत.

४.१९ मध्ये मार्तिनस पुम्पुतिस यांचा बदल आला: नॅट झालेलं असलं तरी दोन्ही नोंदींचे जाणारे आणि परतीचे ट्युपल, झोन (कॉनट्रॅकमधला वेगळा विभाग) आणि नेमस्पेस सगळं जुळत असेल तर जिंकलेली नोंद वापरायला हरकत नाही. दोघांचं भाषांतर एकच आहे, मग नोंद कोणाची का असेना.

त्यांचाच पुढचा बदल ५.० मध्ये आला, आणि तो नॅटच्या आतला आहे. समजा दुसरं पॅकेट एसनॅटपाशी पोचण्याआधीच पहिल्याची नोंद पक्की झाली. नॅट विचारतं, मला हवा असलेला परतीचा ट्युपल मोकळा आहे का? तो घेतलेला दिसतो, म्हणून नॅट दुसरा पोर्ट निवडतं. ज्याने तो घेतलाय ते याचंच भावंड आहे हे त्याला कळत नाही. पुढे कन्फर्ममध्ये परतीचे ट्युपल जुळत नाहीत आणि पॅकेट टाकलं जातं. दुरुस्ती अशी: शोधात सापडलेल्या नोंदीचा मूळ ट्युपल आणि झोन आपल्यासारखाच असेल तर ती जागा अडलेली समजायची नाही. अगोदरचा टप्पा घेऊन हा राहू दिला तर दोष निम्मा उरतो आणि कोडे जास्त अवघड होतं.

उरलेली परिस्थिती मला सगळ्यात मोलाची वाटते. यादृच्छिक डीनॅटने पहिलं पॅकेट एका सर्व्हरकडे वळवलं आणि दुसरं दुसऱ्याकडे. मूळ ट्युपल एक, परतीचे दोन. जिंकलेली नोंद हरलेल्या पॅकेटला लावता येत नाही, कारण त्यावर दुसऱ्याच सर्व्हरचा पत्ता लिहून झालाय. फ्लोरियन वेस्टफाल यांनी २०२० मध्ये यावर जी तोड काढली ती मी कितीतरी वेळा वाचली असेल. हरलेली नोंदही टेबलमध्ये घालायची, पण फक्त परतीच्या दिशेने. जाणाऱ्या दिशेने शोध घेणाऱ्याला जिंकलेलीच नोंद सापडते, म्हणून पुढची सगळी पॅकेटं एकाच सर्व्हरकडे जातात. आणि दुसऱ्या सर्व्हरचं उत्तर आलं की त्याला परतीची नोंद सापडते, भाषांतर उलट फिरतं, उत्तर घरी पोचतं. या नोंदीचं आयुष्य एकच सेकंद ठेवलंय आणि ती कधीही 'अ‍ॅशुअर्ड' (टिकवून ठेवायची पक्की जोडणी) होत नाही, कारण तिचं काम एका उत्तरापुरतंच आहे. घालण्याआधी परतीची जागा तिसऱ्याच कोणाची नाही ना हे तपासलं जातं. असेल तर मात्र पॅकेट टाकणंच योग्य.

ही नोंद पुढे काढायची तर काढणारा नेहमीचा कोड दोन्ही दिशांच्या याद्यांमधून काढायला जातो. म्हणून जाणाऱ्या दिशेचा दुवा खोट्या यादीत अडकवून ठेवलेला असतो. त्यासाठीचं छोटं मदतनीस फंक्शन पॅचच्या त्याच मालिकेत वेगळ्या फाइलमध्ये आहे. ते राहिलं तर नुसता कंपाइलर ओरडेल, पण कोणी 'सोपं' करून ती ओळच गाळली तर नोंद मुदत संपून निघताना कर्नल कोसळेल.

बॅकपोर्ट करताना (नवे बदल जुन्या कर्नलात आणताना) आधी आपल्या कोडच्या झाडात काय आहे ते फंक्शन उघडून वाचा. आवृत्तीच्या आकड्यावर विसंबू नका, स्थिर शाखांमध्ये आणि कंपन्यांच्या झाडांमध्ये बदल मागून येत असतात. मग रेफरन्स काउंटचा (नोंद किती जण वापरताहेत या आकड्याचा) हिशेब कागदावर मांडा. जिंकलेल्या नोंदीचा संदर्भ घेताना ती आधीच शून्यावर नाही ना हे बघूनच घ्यायचा, ती मरणपंथाला लागलेली नाही ना हे बघायचं, आणि हरलेल्या नोंदीचा संदर्भ सोडायचा. माझ्या एका बॅकपोर्टमध्ये एका फांदीवर हा शेवटचा संदर्भ सुटला नव्हता. डीएनएस झकास चालत होतं. पण कंटेनर बंद केला की त्याचा नेमस्पेस मोडेना. साफसफाई करणारा कर्नल थ्रेड नोंदींची संख्या शून्य होण्याची वाट बघत फिरत राहिला आणि एक अख्खा कोअर खाऊन बसला. पॅकेट हरवण्यापेक्षा ते वाईट होतं. दुसरी जागा: कन्फर्म परतल्यावर पॅकेटला जोडलेली नोंद बदललेली असू शकते. जो कोड आधी पॉइंटर घेऊन ठेवतो आणि नंतर तोच वापरतो तो मोकळ्या झालेल्या मेमरीला हात घालतो. कन्फर्मनंतर नोंद पॅकेटमधून पुन्हा काढायची. कन्फर्मला हाक मारणाऱ्या सगळ्या जागा शोधून हे बघा, फक्त आयपीव्ही४ ची नव्हे.

नवा कर्नल पोचेपर्यंत वापरणाऱ्यांना थांबवून ठेवू नका. जीलिबसीच्या रिझॉल्व्हर फाइलमध्ये 'सिंगल रिक्वेस्ट रीओपन' हा पर्याय दिला की दुसऱ्या विचारणेसाठी नवं सॉकेट, म्हणजे नवा पोर्ट वापरला जातो आणि टक्कर टळते. मसल या वेगळ्या सी लायब्ररीवर बांधलेल्या कंटेनरमध्ये हा पर्याय चालत नाही, हे विसरू नका. दुसरा मार्ग म्हणजे त्याच यंत्रावर कॅश करणारा रिझॉल्व्हर ठेवून त्याच्याकडे जाणारी वाहतूक रॉ टेबलमध्ये 'नोट्रॅक' करणं. नोंदच नाही तर शर्यतही नाही. पण जिथे नॅट हवं तिथे नोट्रॅक लावता येत नाही.

शेवटी पडताळणी, आणि इथे एक आकडा भल्याभल्यांना चकवतो. ४.१९ च्या सुमाराच्या कोडमध्ये टक्कर यशस्वी सुटली तरी 'इन्सर्ट फेल्ड' वाढतो. बॅकपोर्ट केल्यावर तो रकाना चढताना दिसला म्हणून चांगला पॅच मागे घेतलेला मी बघितला आहे. २०२० मध्ये सुटलेल्या टकरींसाठी 'क्लॅश रिझॉल्व्ह' असा वेगळा काउंटर आला आणि 'इन्सर्ट फेल्ड' फक्त न सुटलेल्यांसाठी राहिला. तो बदलही मालिकेत घ्या, कारण रात्री दोन वाजता आकडे बघणाऱ्या माणसाला तो लागतो. तो घेईपर्यंत 'ड्रॉप' रकान्यावर आणि कन्फर्मवरच्या केप्रोबवर भिस्त ठेवा. वरची तीन नेमस्पेसची चाचणी विलंब घातलेल्या कर्नलवर रात्रभर चालवा, मधूनमधून क्लायंटचा नेमस्पेस मोडून पुन्हा उभा करा, मेमरी तपासणारा केसॅन चालू ठेवा. सकाळी प्रत्येक फेरीची दोन्ही उत्तरं आलेली असावीत, केप्रोबमध्ये एकही ० नसावा, आणि मोडलेला प्रत्येक नेमस्पेस खरोखर गेलेला असावा.